स्केलबेकची पांढरी चादर

१

शाळेच्या भिंतीवर नवा लाकडी फळा लागला, आणि दीना आल्डरसनचा बाप मेल्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी ब्रह्मचारी ठरला.

फळ्यावर सोनेरी अक्षरांत आल्डरसन घराण्याची वंशावळ होती. त्यात जानेवारीत वारलेल्या रेव्हरंड अँब्रोज आल्डरसनांचं नाव सगळ्यांत मोठं. स्केलबेकचे ते पाळक, शाळेचे मुख्य मास्तर, आणि त्या दरीतल्या दोन पिढ्यांना लॅटिन आणि छडी दोन्ही त्यांच्याच हातून मिळालेलं. त्यांच्या नावाखाली दोन फांद्या होत्या. धाकटी फांदी एडमंडची, बायको लाविनिया, तीन मुलं. थोरली मार्टिनची. ‘मार्टिन, मृत्यू १८१९, अविवाहित.’ ती फांदी तिथेच संपली होती.

मार्टिनची मुलगी फळ्याखाली उभी राहून ते वाचत होती.

“काही चुकलं का, बाई?” शिडीवरच्या रंगाऱ्यानं विचारलं. “मला कागदावर दिलं तसं रंगवलंय.”

“तुमचं काही चुकलं नाही,” दीना म्हणाली आणि समोरच्या पाळकघराकडे निघाली. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

एरवी ती दोन दिवस धुमसून गप्प बसली असती. गावातल्या मुलींना अक्षरं आणि विणकाम शिकवणाऱ्या बाईला गप्प बसायची सवय असते. पण घरी तिची आई अ‍ॅग्नेस अंथरुणाला खिळली होती. हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला, त्यात उजवी बाजू आणि जीभ दोन्ही गेली. डॉक्टरनं फार तर पंधरा दिवस दिले होते. जीभ शाबूत असताना अ‍ॅग्नेसनं लेकीकडे एकच मागणं मागितलं होतं. चर्चच्या दक्षिणेच्या भिंतीलगत, आल्डरसनांच्या कुंपणात, मार्टिनच्या शेजारी तिला जागा हवी होती.

एडमंडकाका जेवणाच्या टेबलावरच होते. लाविनियाकाकू पुडिंग वाढत होत्या.

“फळा पुसा,” दीना म्हणाली.

“बस आधी,” काका म्हणाले. “माझ्या मनचं मी काही लिहिलेलं नाही. हे बघ.” त्यांनी कपाटातून कातडी बांधणीची जाड वही काढली. म्हाताऱ्यानं शेवटच्या वर्षांत लिहिलेला घराण्याचा वृत्तांत होता तो. अक्षर आजोबांचंच, त्यात शंका नव्हती. मार्टिनच्या नावापुढे त्यांनी स्वतःच्या हातानं ‘अविवाहित’ लिहिलं होतं.

“आईबाबांचं लग्न स्कॉटलंडच्या हद्दीवर झालं होतं, तिथे पाळकाशिवायही लग्न लागतं. तिथला कागद आईनं आजोबांकडे ठेवायला दिला होता.”

“असं तुझी आई म्हणायची,” लाविनियाकाकू म्हणाल्या. “हद्दीवर पळून गेलेली प्रत्येकच मुलगी असं म्हणते, बाई.”

“आणि दक्षिणेची जागा?”

“तिथे आल्डरसनांच्या बायका पुरतात,” एडमंड म्हणाले. ते आवाज चढवत नसत, आणि त्याचाच दीनाला जास्त राग यायचा. “हे बघ, मी दुष्ट नाही. तुझ्या बाप्तिस्म्याची नोंद चर्चच्या वहीत असेलच. त्यात आईबापांची नावं असतात, लग्नाची बायको असेल तर तसं असतं, नसेल तर ‘कुमारिका’ असं असतं. नोंद दाखव आणि जागा घे.”

२

व्हेस्ट्री म्हणजे चर्चची मागची खोली, जिथे पाळक झगा चढवतो. तिथल्या लोखंडी पेटीची किल्ली आता चर्चच्या कारकुनाकडे होती. रूबेन हॉगचं वय पंचाहत्तर. पन्नास वर्षं पाळकाच्या प्रत्येक प्रार्थनेमागे ‘आमेन’ म्हणून म्हणून त्याचं बोलणंही आता निम्मं आमेनच झालं होतं.

“एकोणीस सालचा एप्रिल,” दीना म्हणाली.

रूबेननं पानं उलटली. मार्च आला. मग जून आला. मधे शिवणीजवळ कागदाची बोटभर पट्टी उभी होती.

“कापलंय,” दीना म्हणाली.

“उंदरानं खाल्लं असेल,” रूबेन म्हणाला.

“उंदीर मोजपट्टी धरून कापतो का, रूबेनआजोबा?”

म्हातारा पेटीच्या कडीशी चाळा करत राहिला. बिशपच्या कचेरीत दरवर्षी या वहीची नक्कल जायला हवी, पण त्या वर्षीची नक्कल गेलीच नव्हती, एवढं त्यानं कबूल केलं. का गेली नाही, ते साहेबांना माहीत, आणि साहेब तर मातीत.

“माझ्या बाप्तिस्म्याला तुम्ही होतात.”

“सगळ्यांच्याच असतो मी.”

“पाळकसाहेबांनी काय लिहिलं?”

“लिहायचं काम त्यांचं. माझं काम आमेनचं.” मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला दया आली असावी. “तुझ्या आईचं मात्र वाईट वाटायचं गं. काय हडकुळी झालेली. गुडघ्यावर बसली तर डोक्यावरचा पांढरा रुमाल घसरून खाली पडला. मीच उचलून दिला. नवरा जाऊन तीन महिने झाले नव्हते.”

दीनाचं त्याच्याकडे अर्धंच लक्ष होतं. ती पट्टीकडे बघत होती. किल्ली आता रूबेनकडे होती आणि हुकूम एडमंडकाकांचा चालत होता. पान कुणी कापलं हे शोधायला फार अक्कल लागणार नाही, असं तिला त्या क्षणी वाटलं.

निघताना तिची नजर भिंतीतल्या कपाटाकडे गेली. दार अर्धवट उघडं होतं. आत खुंटीवर एक पांढरी चादर लटकत होती आणि खाली एक बारकी वही होती. ही चादर गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होती. लग्नाविना मूल झालेल्या पोरीला अँब्रोज आल्डरसन ही चादर अंगावर घेऊन, केस सोडून, सगळ्या गावासमोर उभी करायचे. प्रायश्चित्त झाल्याशिवाय तिला चर्चमध्ये पुढे बसू देत नसत, की बाळंतपणानंतरची उपकारस्तुती तिच्यासाठी वाचत नसत. बिशपनं सांगितलं, शेजारच्या पाळकांनी सोडून दिलं, तरी या माणसानं ही रीत सोडली नाही. चादर दर वसंतात धुतली जायची.

३

लाविनियाकाकू संध्याकाळी मटणाचा रस्सा घेऊन आजारणीला बघायला आल्या. त्या येतील असं दीनाला वाटलं नव्हतं, आणि आल्या म्हणून तिला बरंही वाटलं नाही.

“पान कापलंय,” ती म्हणाली. “काकांना सांगा, सुरी त्यांच्या टेबलावर असते ते मला ठाऊक आहे.”

“तोंड सांभाळ,” काकू म्हणाल्या.

दीना आईजवळ वाकली. “आई, माझा बाप्तिस्मा आठवतो? आजोबांनी काय लिहिलं होतं?”

अ‍ॅग्नेसनं मान हलवली. नाही. मग तिनं डावा हात उचलला, उशीवरचा पांढरा पंचा ओढला आणि मोठ्या कष्टानं डोक्यावर घेतला. गेले तीन आठवडे ती हेच करत होती. लग्नाचं विचारलं की पंचा डोक्यावर. दीनाला वाटायचं, आई तोंड लपवतेय.

“बघ,” लाविनियाकाकू म्हणाल्या. त्यांचा आवाज खरंच हळवा झाला होता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. “बिचारीला चादर आठवतेय. सासरेबुवांनी तिलाही उभं केलं असणार. कशाला छळतेस तिला? तिनं कबूल केलंय.”

अ‍ॅग्नेसनं पंचा काढून जमिनीवर फेकला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण लाजेचं नव्हतं. दीनानं आईला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीना पुन्हा व्हेस्ट्रीत गेली, आणि या खेपेला वही तिनं खिडकीपाशी नेली.

वहीच्या प्रत्येक पानाच्या खालच्या कडेला तपकिरी रेघ होती. एकोणतीस सालच्या पुराची. ओढा चर्चमध्ये शिरला, पेटीत गाळ गेला, ते सगळ्या गावाला आठवत होतं. दीनाच्या शाळेतही त्या पुरात भिजलेली पुस्तकं होती, त्यामुळे गाळ कागदावर कसा चढतो हे तिला पाठ होतं. पान मिटलेलं असेल तर आत फक्त डाग पडतो. गाळ बसतो तो उघड्या कडेवर.

कापलेल्या पट्टीच्या कडेवर गाळ बसलेला होता. कापाच्या बारीक दातऱ्यांत तो वाळून घट्ट झाला होता.

म्हणजे पूर आला तेव्हा पान आधीच गेलेलं होतं. एडमंडकाका एकोणीस साली नऊ वर्षांचे होते, पुराच्या साली केंब्रिजला. त्या सगळ्या काळात पेटीची किल्ली एकाच माणसाच्या कमरेला होती. रूबेनला ती मागून घ्यावी लागायची.

ज्या माणसानं दीनाला मांडीवर बसवून लॅटिन शिकवलं, ‘पोरगी असून तुझं डोकं चालतं’ म्हणून सफरचंद दिलं, त्यानंच तिच्या आईचं नाव कापून काढलं होतं. ती बाकावर बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आला तो संताप, आणि तो मेलेल्या माणसावर असल्यामुळे त्याला जायला जागाच नव्हती.

४

कारण शोधायला तिला फार लांब जावं लागलं नाही. ते फळ्यावर सोनेरी अक्षरांत होतं. अँब्रोज आल्डरसन शाळेचे मुख्य मास्तर झाले ते १८१९ च्या जूनमध्ये. नेमणूक बिशपच्या हातात होती. हद्दीवर पळून जाऊन केलेल्या लग्नांविरुद्ध आजोबांनी व्यासपीठावरून आग पाखडली होती, आणि त्यांचाच थोरला मुलगा शिशाच्या खाणीतल्या मजुराची पोर घेऊन हद्दीवर गेला. हे बिशपला कळलं असतं तर मास्तरपण हातचं गेलं असतं. तेव्हा मुलगा मेलाय, सून गरीब आहे, नात बोलायला शिकलेली नाही. वर्षभर गप्प राहा, असं त्यांनी सांगितल्याचं अ‍ॅग्नेस कधीकाळी बोलली होती. वर्ष काही संपलं नाही.

पण कारण म्हणजे पुरावा नव्हे. कागद गेला होता, पान गेलं होतं, आईची जीभ गेली होती.

दीनानं कपाटातली बारकी वही उचलली. प्रायश्चित्ताची वही. एकवीस वर्षांत अकरा नावं, सगळी आजोबांच्या सुबक अक्षरात. अ‍ॅग्नेसचं नाव त्यात नव्हतं. आजोबांनी घरच्या मुलीला सूट दिली, असं काका म्हणतील हे तिला दिसत होतं. मग एका ओळीवर तिचं बोट थांबलं. ‘१८१९, मे महिन्याचा दुसरा रविवार. सुझन पीकॉक, चादरीत.’

दीना तेव्हा महिन्याची होती.

सुझन पीकॉक ओढ्याच्या पलीकडे राहायची, ओटचे पोळे भाजून विकायची आणि चालताबोलता मोजे विणायची. गावात तिच्याशी कामापुरतं बोलायची रीत होती.

“सुझनमावशी, तुम्हाला तो रविवार आठवतो?”

“नाही, विसरले,” सुझन म्हणाली. सुया थांबल्या नाहीत. “अठरा वर्षांची होते. लेकरू आठ दिवसांपूर्वी पुरलेलं. चादरीला साबणाचा वास येत होता. तुला अजून काय आठवून देऊ?”

“त्या दिवशी तुम्ही माझ्या आईला पाहिलंत का?”

आता सुया थांबल्या.

“मला कुणी कधी विचारलंच नाही,” सुझन म्हणाली. “घंटा व्हायची होती. मला व्हेस्ट्रीत उभं केलेलं. केस मोकळे, डोकं उघडं, चादर खांद्यावरून पायांपर्यंत. दाराला फट होती. आत चर्चमध्ये चारच माणसं. म्हातारा, रूबेन, म्हातारी सुईण, आणि पुढच्या बाकावर गुडघे टेकून तुझी आई. तिच्या डोक्यावर पांढरा रुमाल होता. म्हातारा उपकारस्तुती वाचत होता, बाळंतिणीला पुन्हा चर्चमध्ये घेताना वाचतात ती. सगळी, शेवटच्या शब्दापर्यंत. मग तिला बाजूच्या दारानं घालवली, घंटा झाली, आणि मला बाहेर काढली.”

दीनाला आईचा पंचा आठवला. डोक्यावर रुमाल. चादर खांद्यावर असते, डोकं उघडं असतं. आई डोकं झाकत होती.

“इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“चादरीतल्या बाईची साक्ष कोण काढतं गं? आणि खरं सांगू का, मला तुझ्या आईचा राग होता. तिला रुमाल आणि मला चादर, ते पण एकाच सकाळी, त्याच हातानं.”

५

“सगळे इथेच बसा,” दीना म्हणाली.

व्हेस्ट्रीत चौघं होती. एडमंडकाका, लाविनियाकाकू, रूबेन, आणि दाराशी सुया चालवत सुझन. काकूंनी सुझनला बघून स्कर्ट आवरून घेतला.

“आधी एक सांगते, काका. पान तुम्ही कापलं नाहीत. ते आजोबांनी कापलं.” तिनं पट्टीवरचा गाळ दाखवला, पुराचं साल सांगितलं, किल्लीचं सांगितलं. एडमंडनी वाकून पट्टीच्या कडेवरून नख फिरवलं.

“कापलं असेल,” ते शेवटी म्हणाले. “लाज वाटली असेल. त्यावर ‘कुमारिका’ लिहिलेलं असेल म्हणूनच कापलं असेल. यानं लग्न सिद्ध होत नाही.”

“नाही होत. म्हणून मी रूबेनआजोबांना एकच प्रश्न विचारते. माझ्या आईच्या डोक्यावरचा रुमाल पडला, तो तुम्ही उचलून दिलात. कधी?”

“तुझ्या बाप्तिस्म्याला,” रूबेन घाईनं म्हणाला.

“माझ्या बाप्तिस्म्याला आई नव्हती. मी आठ दिवसांची होते. उपकारस्तुती झाल्याशिवाय बाळंतीण चर्चच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही, हे या गावात शेळ्यांनासुद्धा माहीत आहे. काल मी तिला विचारलं तेव्हा तिनं मानेनं नाहीच सांगितलं. मग ती गुडघ्यावर कधी बसली? डोक्यावर पांढरा रुमाल घेऊन बाई चर्चमध्ये गुडघे टेकते ती उपकारस्तुतीलाच.”

रूबेनचा हात किल्लीवर घट्ट झाला.

“काका, आजोबांनी कधी लग्नाविना बाळंत झालेल्या पोरीची उपकारस्तुती प्रायश्चित्ताआधी केली? एकदा तरी?”

“कधीच नाही,” एडमंड म्हणाले. मुलगा बापाबद्दल अभिमानानं बोलतो तसे ते बोलून गेले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

“हीच ती वही. अकरा नावं. आईचं नाही. आणि सुझनमावशीनं दाराच्या फटीतून उपकारस्तुती होताना पाहिली, ज्या सकाळी तिला स्वतःला या चादरीत उभं केलं, त्या सकाळी. तारीख आजोबांच्या हातची आहे.”

“पण ही बाई...” लाविनियाकाकूंनी सुरुवात केली.

“ही बाई काय?” सुझन म्हणाली.

“माणसांशी खोटं बोलायला आजोबांना काही वाटलं नाही,” दीना म्हणाली. “बिशपशी बोलले, गावाशी बोलले, मला मांडीवर घेऊन माझ्याशी बोलले. पण देवापुढे त्यांना लग्नाच्या बाईची उपकारस्तुती टाळवेना. म्हणून दार लावून, घंटेच्या आधी, चोरून केली. आता तुम्ही निवडा, काका. एक तर माझी आई आल्डरसनांची सून आहे. नाही तर रेव्हरंड अँब्रोज आल्डरसन सगळ्या दरीपुढे नाकानं कांदे सोलून स्वतःच्या घरातलं पाप रुमालाखाली झाकत होते, आणि दहा पावलांवर दुसऱ्या पोरीला चादरीत उभी करत होते. यातलं जे खरं ते फळ्यावर लिहा. सोनेरी रंग शिल्लक आहे.”

एडमंड रूबेनकडे वळले. “रूबेन, तू आमेन म्हणालास का?”

म्हातारा रडायला लागला. “म्हणालो, साहेब. आणि बाप्तिस्म्याला त्यांनी ‘मार्टिनची बायको अ‍ॅग्नेस’ असंच लिहिलं होतं. मग पान गेलं. गप्प राहायची शपथ म्हणून बायबलवर हात ठेवून घेतला होता माझा.”

एडमंड खिडकीशी गेले. दक्षिणेची भिंत तिथून दिसत होती.

“मार्टिनच्या डाव्या हाताला जागा आहे,” ते म्हणाले. “फळाही बदलतो. एवढंच की, पान कुणी कापलं ते या खोलीतच राहू दे. तो माझा बाप होता.”

“बघू,” दीना म्हणाली.

६

अ‍ॅग्नेस जागी होती. दीनानं तिला सगळं सांगितलं, सावकाश, दोनदा. “दक्षिणेला, आई. बाबांच्या शेजारी. दगडावर ‘मार्टिनची बायको’ असंच येणार.”

मग तिनं धुतलेला पांढरा पंचा घेतला आणि आईच्या डोक्यावर नीट बसवला, कपाळावरची बट आत सारून. “हेच सांगत होतीस ना? आणि मी मूर्ख.” अ‍ॅग्नेसच्या तोंडाची चालणारी बाजू हसली.

नंतर तिची नजर दाराकडे गेली. सुझन तिथेच उभी होती, आत यावं की नाही या विचारात. अ‍ॅग्नेसनं डाव्या हातानं पंचा डोक्यावरून ओढला आणि तिच्याकडे धरला. ती तो तसाच धरून राहिली.

सुझननं पंचा घेतला नाही. तिनं तो हात मात्र धरला.

“मला नको गं रुमाल,” ती म्हणाली. “मी तो कधी मागितलाच नव्हता. ती चादर तेवढी अजून खुंटीवर आहे. दर वसंतात धुतात. माझं नाव त्या वहीत आहे, आणि माझ्यासारख्या दहाजणींचं.”

दीनानं आईकडे पाहिलं. अ‍ॅग्नेसनं हनुवटीनं दाराकडे खूण केली.

दोघी ओढा ओलांडून पाळकघराकडे चालत गेल्या. सुझनच्या सुया वाटेत एकदाही वाजल्या नाहीत. दार लाविनियाकाकूंनी उघडलं, आणि दोघींना एकत्र बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“जागा मिळाली, फळा बदलतोय. आता आणखी काय हवंय?”

“चादर,” दीना म्हणाली. “आणि ती वही.”